खाऱ्या टाकीला गोडं पाणी

पाणी ते पाणी, त्यात निवडायचं काय, असं कुणी म्हणालं की आजही माझं डोकं फिरतं. त्या माणसाला मी खुर्ची देते, चहा देते आणि मग सोडत नाही. मुलगी आतून ओरडते, "झालं आईचं सुरू!" होऊ दे सुरू. ज्या घरात एका काचेच्या टाकीच्या पाण्यावरून अख्खा हिवाळा नणंद-भावजय एकमेकींशी मोजून बोलत होत्या, त्या घरात मी वाढले आहे. या विषयावर बोलायचा हक्क मला नसेल तर कुणाला असेल?

आमचं घर महाडच्या पलीकडे, नाते गावात. अण्णा, म्हणजे माझे वडील, भातशेतीवाले. सपाटीची जमीन, दारात बांधीव विहीर आणि या दोन्हींचा थोडासा ताठा. आई मात्र वरंधच्या वरच्या अंगाला असलेल्या एका वाडीतली. तिकडे नाचणी-वरीची उतारावरची शेतं, आणि घरटी एक माणूस मुंबईला. लग्नाला इतकी वर्षं होऊनही आमच्याकडे ती 'डोंगरातली'च होती. वाईट कुणी बोलायचं नाही. पण भाकरी जरा जाड झाली की "डोंगरातली सवय", आणि तिनं परसातून हाक मारली की "डोंगरात असाच आवाज लागतो", असं ठरलेलं. यात सगळ्यांच्या पुढे माझी आत्या, अण्णांची थोरली बहीण. तिचं सासर पोलादपूरला आणि मुक्काम बाराही महिने आमच्याकडे. जीभ अशी की तिच्यापुढे गावातला सरपंचही बेतानं बोलायचा. आई तिला कधी उलटून बोलली नाही. भाकरीवर ऐकून घेतलं, आवाजावर ऐकून घेतलं. एकाच गोष्टीवर ती ऐकून घ्यायची नाही, ती म्हणजे माहेरचं पाणी. वाडीच्या मागे कातळातून एक झरा येतो. भर वैशाखातही त्याची बोटभर धार तुटत नाही. "आमच्या झऱ्याचं पाणी प्यायलं की दगड पचतो," असं ती म्हणायची, आणि आमच्या विहिरीचं पाणी पिताना असं काही तोंड करायची की अण्णांचा चेहरा उतरायचा.

त्यात दत्तामामा टाकी घेऊन आला. दत्तामामा आईचा धाकटा भाऊ, मुंबईत शोभेच्या माशांच्या दुकानात कामाला. त्याचं एक गिऱ्हाईक देश सोडून निघालं होतं, त्याने आपली समुद्री माशांची टाकी मामालाच देऊन टाकली. वाडीत विजेचा भरवसा नाही, म्हणून टेम्पो आमच्या दारात. चार गडी लावून ती टाकी ओटीवर ठेवली, मुंबईहून पिंपांत आणलेलं तिचंच खारं पाणी अर्ध्यावर भरलं, आणि त्यात मामाने पिशवीतून आणलेले जीव सोडले. अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन नारिंगी जोकर मासे, दगडाला चिकटलेल्या काही गोगलगाई आणि एक कोळंबी. कोळंबी कसली, राणी! पाठ लालभडक, मधून पांढरी रेघ, आणि मिश्या हातभर. मासे तिच्यासमोर येऊन तोंड उघडून उभे राहायचे आणि ती त्यांचे गाल साफ करून द्यायची. आईनं पहिल्याच दिवशी तिचं नाव 'नवरी' ठेवलं.

आत्या कमरेवर हात ठेवून बघत होती. "खायचे नाय, तर पाळायचे कशाला रे दत्ता?"

"शो के लिए, आक्का. मुंबईत लोक तासन्‌तास बघत बसतात."

"कामं नसतील त्यांना," आत्या म्हणाली, आणि पाट ओढून स्वतःच बघत बसली.

त्या दिवसापासून आमच्या घराचा आवाज बदलला. आधी पहाटे फक्त कोंबडा आणि विहिरीचा रहाट. आता त्याखाली पंपाची घरघर चोवीस तास. वीज गेली की ती थांबायची आणि आम्ही सगळे दचकायचो. मग अण्णा, ज्यांनी आयुष्यात कधी पाळणा हलवला नव्हता, ते लांब दांड्याचा डाव घेऊन टाकीतलं पाणी हलवत बसायचे. चुलीवर सुकट भाजायला घेतली की आत्या उठून टाकीवर पंचा टाकायची. "त्यांच्या नात्यातले हायत, वास जाऊ नको दे," म्हणायची, आणि मग तीच सुकटीची चटणी तांदळाच्या भाकरीबरोबर दोनदा मागून घ्यायची. मी तेव्हा महाडला अकरावीत होते, सायन्सला. कॉलेजातून आले की दप्तर टाकायच्या आधी टाकीपाशी जायची.

पण खरा प्रश्न पाण्याचा होता. टाकी अर्धीच भरली होती. उरलेल्या अर्ध्यासाठी मामाने पोतंभर समुद्री मीठ आणलं होतं, ते मिसळायला गोडं पाणी हवं होतं. आणि पुढेही रोज हवं होतं. मामा जेवताना समजावून सांगू लागला. "बघा, टाकीतलं पाणी उडून जातं, मीठ मागं राहतं. म्हणून रोज वरून गोडं पाणी टाकायचं, खारं नाय. आणि ते पाणी कोरं पायजे. त्यात जे काय असेल ते उडत नाय, टाकीत जमा होत राहतं. माणूस घाम गाळतो, लघवीला जातो. टाकी कुठं जाणार?"

"दारात विहीर असताना पाण्याची चर्चा कसली?" अण्णा म्हणाले.

आत्या नळाच्या बाजूची. "सरकार औषध टाकून देतं, त्याहून शुद्ध काय?" मामा म्हणाला, ते औषधच आधी मासे मारेल. मग अण्णांनी डोकं चालवलं, "दासगावच्या खाडीचंच आणा की, खारं ते खारं." त्यात गाळ किती, असं मामाने विचारल्यावर ते भाताकडे वळले. मी महाडच्या जारवाल्याचं नाव घेतलं. तेही फिल्टरचंच, पण त्याची गाळणी कधी बदलली हे कुणाला ठाऊक? शेवटी मामाने गॅरेजमधून बॅटरीत घालायच्या पाण्याची बाटली आणली आणि म्हणाला, परीक्षाच घेऊ.

परीक्षा साधी होती. कपाटाचा जुना आरसा अंगणात उताणा ठेवला आणि त्यावर प्रत्येक पाण्याचा एकेक थेंब सोडला. आई इतका वेळ आत होती. ती हात पुसत बाहेर आली, हातात एक बाटली. माहेरहून आलेलं पाणी ती कायम शिंकाळ्यात जपून ठेवायची. "ह्याचा पण टाका गो थेंब," ती मला म्हणाली. आत्या हसली. थेंब उन्हात सुकेपर्यंत कुणी उठलं नाही. विहिरीच्या थेंबाच्या जागी चुन्यासारखं जाड पांढरं कडं उमटलं. अण्णा ते नखानं खरवडून बघत राहिले. नळाचं कडं जरा बारीक. जारचं फिकट. आईच्या पाण्याचा डाग बघायला आरसा तिरका धरावा लागला. बॅटरीच्या पाण्याचा डागच नव्हता.

"बॅटरीचं नंबर वन," मामा म्हणाला. "पण एवढं रोज कुठून आणायचं? ताई, तुझं नंबर दोन. चालवून बघू."

"दोन नाय, एक," आई म्हणाली. "ते बॅटरीत घालायचं, ते काय पाणी हाय?"

तिचा चेहरा त्या दिवशी असा काही फुलला होता की मला तिच्या लग्नाचा फोटो आठवला. दुसऱ्या दिवसापासून वरंधहून येणाऱ्या एस.टी.त ड्रायव्हरच्या मागे पाण्याचे कॅन येऊ लागले. ते महाडच्या स्टँडवर उतरवायचे, नात्याच्या गाडीत चढवायचे आणि फाट्यावरून घरी आणायचे, हे काम माझं. वर्गातल्या मुली विचारायच्या, "कॅनमध्ये काय गं, रॉकेल?" मी सांगायची, "माझ्या आजोळचं पाणी, आमच्या माशांना." त्या हसायच्या. हसेनात का! कॅन उचलून माझे दंड त्यांच्या भावांपेक्षा बळकट झाले होते.

उरलेली अर्धी टाकी मामाने स्वतः, कॅनमधून थेट, मीठ मिसळून भरली आणि तो मुंबईला गेला. पुढचं आमच्यावर. आईच्या दृष्टीनं मासे म्हणजे तिच्या भावाने सांभाळायला दिलेले पाहुणे. पाहुण्याला द्यायचं पाणी आमच्याकडे कसं देतात? तांब्याच्या हंड्यातलं. तो हंडाही तिच्या माहेरचा, रुखवतात आलेला. रोज चिंचेनं घासून ती तो लखलखीत ठेवायची. कॅन आला की पाणी तलम फडक्यातून गाळून हंड्यात ओतायचं, रात्रभर निवळू द्यायचं, म्हणजे ते आणखी शुद्ध होतं. सकाळी त्यातलं तांब्याभर मी टाकीत घालायची. यात काही चुकतं आहे असं कुणाच्या मनातही आलं नाही. आमच्या भागातल्या कुठल्याही घरात जाऊन विचारा, हेच करतील.

काही आठवडे छान गेले. मग गोगलगाई दगडावरून गळून पडायला लागल्या. उताण्या पडायच्या आणि तशाच राहायच्या. मासे खुशाल पोहत होते. एका सकाळी नवरी कोपऱ्यात आडवी पडलेली दिसली, मिश्या गळालेल्या. आईनं तिला वाटीत काढलं, परसात तुळशीच्या मागे पुरलं आणि पदरानं डोळे पुसले. एका कोळंबीसाठी रडते म्हणून कुणी तेव्हा हसलं असतं तर मी त्याला फोडून काढलं असतं.

हसलं कुणी नाही, पण आत्या बोललीच. "मी सांगितलं होतं, नळाचं घाला. डोंगराचं पाणी बाधलं. कोण जाणे वरनं काय काय वाहून येतं त्यात, गुरं, ढोरं, पाला."

"वन्सं, ह्याच पाण्यावर मी वाढले," आई म्हणाली. "मी मेले काय?"

"तुझं काय गो, तू डोंगरातलीच."

अण्णा मध्ये पडले, पण त्यांनीही विहिरीची बाजू पुन्हा काढली आणि सगळं आणखी बिघडलं. गावात बातमी फिरायला वेळ लागत नाही. वरंधच्या पाण्यानं मासे मेले, हे दोन दिवसांत वाण्याच्या दुकानात ऐकू आलं. आई दळण आणायला जायची ती जाईनाशी झाली. घरात आत्याशी "जेवायला वाढू?" आणि "दार लावते" एवढंच. मला वाटत होतं, माहेर म्हणून बाईकडे उरतं तरी काय? वर्षाकाठी एकदा जायचं आणि चार दिवसांत यायचं. तिच्याकडे त्या झऱ्याचा अभिमान तेवढा होता, आणि तोही या बाईनं चव्हाट्यावर आणला. मी रागानं आत्याशी बोलणं सोडलं. तिला ते कळलंसुद्धा नाही.

मामाला फोन केला, तो रविवारी आला. टाकी बघितली, मेलेल्या गोगलगाई बघितल्या, जिवंत मासे बघितले आणि चक्रावला. "मासे एकदम फिट, आणि गोगलगाय-कोळंबी खलास. दुकानात माशाला रोग झाला की आम्ही तांब्याचं औषध टाकतो. मासा वाचतो. पण त्या टाकीत कोळंबी ठेवत नाय, लगेच मरते. हे सगळं तसंच दिसतं. पण इथं तांबं येईल कुठून?" त्याने पंप उघडला, वायरी तपासल्या, काही सापडलं नाही. जेवायची वेळ झाली. पानं मांडली. मी ताक वाढायला म्हणून फळीवरचा पहिला हाताला लागला तो तांब्या घेतला आणि त्यात ताक ओतायला लागले.

"अगो, तांब्याच्या भांड्यात ताक!" आत्या किंचाळली. "कळकेल ना! जीव घेतेस काय आमचा?"

आई भात वाढत होती. तिचा हात तसाच राहिला. तिनं कोपऱ्यातल्या हंड्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. पाणी हंड्यातून जातं हे ठाऊक होतं ते आम्हा दोघींनाच. ती गप्प बसली असती तर कुणाला कधी कळलंही नसतं. पुढच्या वेळी कॅनमधलं पाणी थेट घातलं असतं, काम झालं असतं. आणि हंडाही माहेरचाच, म्हणजे चूक कबूल केली तरी बोल माहेरालाच. एवढं सगळं तिच्या मनात आलं असणार. आई भोळी होती असं मी कधीच म्हणणार नाही.

तिनं भाताची तपेली खाली ठेवली, तो जड हंडा दोन्ही हातांनी उचलला आणि सगळ्यांच्या पानांसमोर आणून ठेवला. "वन्सं, पाण्याला बोलू नका. चूक माझी हाय. मी पाणी रातभर ह्यात ठेवत होते. ताक कळकतं, तसं तेपण कळकलं असेल. नवरी माझ्या हातानं मेली. झऱ्याला आळ नको."

कुणी जेवेना. मामाने बॅगेतून तपासायच्या छोट्या काचेच्या नळ्या काढल्या. एकीत हंड्यातलं पाणी घेतलं, दुसरीत न उघडलेल्या कॅनमधलं. दोन्हींत औषधाचे थेंब टाकले. आत्यासुद्धा उष्ट्या हातानं वाकून बघत होती. हंड्याच्या पाण्याला रंग चढत गेला. कॅनचं पाणी होतं तसंच राहिलं, नितळ. मामा म्हणाला, "ताई, तुझं पाणी एवढं कोरं म्हणून तर झालं. कोरं पाणी भुकेलं असतं, मिळेल ते ओढून घेतं. त्यात तू हंडा चिंचेनं घासणार. विहिरीच्या पाण्यानं एवढं तांबं ओढलं नसतं."

खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला आईचा जेवढा अभिमान वाटला तेवढा पुढे कुणाचाच वाटला नाही. बोर्डात नंबर आलेल्या मुली पाहिल्या, मोठे साहेब पाहिले, नवऱ्याच्या बढतीचा पेढाही वाटला. पण भरल्या पंगतीत, सहज लपवता येणारी चूक उचलून मध्ये ठेवणारी बाई मी एकदाच पाहिली. माणसांना त्या हंड्यातल्या पाण्यानं कधी काही झालं नाही, तो पुढेही आमच्यासाठी भरला जायचा. टाकीला मात्र कॅनमधलं थेट. मामाने पाणी बदलून दिलं, पुढच्या खेपेला नवी कोळंबी आणली. आत्याने तिला बघितलं आणि एवढंच म्हणाली, "हिच्या मिश्या बऱ्या हायत."

गोष्ट इथे संपली असती तर सोपं होतं. पण काचेवर तपकिरी थर धरायला लागला. मी पुसायची, तो पुन्हा यायचा. मामा फोनवर म्हणाला, पाणी कातळातून येतं, दगडाचा अंश घेऊन येतं, त्यावर हे शेवाळं पोसतं. माणसाला त्याचं काही नाही, पण टाकी चांगली ठेवायची तर आरओचा फिल्टर लावायचा आणि त्यापुढे आणखी एक नळी, बारीक मण्यांची, जी उरलंसुरलं सगळं धरून ठेवते. "तूच ठरव," तो म्हणाला. "टाकी तू बघतेस. आणि ताईला पण तूच सांग, मला नाय जमायचं."

मी दोन दिवस शब्द जुळवले. मग आई वालाचं बिरडं सोलत होती तिथे जाऊन बसले आणि सोलायला हात लावला. सगळं सांगितलं.

"म्हणजे माझ्या पाण्यात वाईट काय हाय?"

"वाईट काय नाय. त्यांना लागतं त्याच्यापेक्षा जास्त हाय. दगडाचा अंश."

"अंश हाय म्हणून तर चव हाय."

"त्यांना चवच नको, आई."

तिनं पुढची मूठ सोलायला घेतली. मला वाटलं, आता हिचं मन मोडलं. मग तिनं टरफलं सुपात झटकली आणि म्हणाली, "लाव तुझा फिल्टर. पथ्याच्या माणसाला माझं कालवण वाढून उपयोग काय?" आणि हसली. मी तिच्या गळ्यात पडले, बिरडं सगळं सांडलं, आणि दोघींनी ते पुन्हा गोळा केलं.

नळाला फिल्टर लागला. काच स्वच्छ झाली, आणि महाडहून लोक मुद्दाम टाकी बघायला येऊ लागले. कॅन मात्र मी बंद केले नाहीत. आईला प्यायला येतच राहिले. त्या शिमग्याला पोलादपूरहून आत्याच्या सासरची माणसं आली, तिचे दीर-जाऊ आणि त्यांची सून. आत्याने त्यांना थाटात टाकीसमोर बसवलं. दीर म्हणाले, "समुद्राचा मासा नात्यात जगवलात! पाणी कुठलं हो ह्यांना?"

आई आतून पाण्याचा ट्रे घेऊन येत होती. ती थबकली. खरं तेच सांगावं लागणार होतं. "फिल्टरचं," ती म्हणाली.

"फिल्टरचं माशांना!" आत्या जागेवरूनच कडाडली. "तुमच्यासाठी हे बघा. आमच्या भावजयीच्या माहेरचं हाय, वरंधच्या कातळातलं. असलं पाणी पोलादपुरात शोधून मिळायचं नाय तुम्हाला. प्या, आणि मग सांगा."

दीरांनी पेला रिकामा केला आणि पुन्हा पुढे केला. आत्याने आईकडे बघितलंही नाही, ती पंच्यानं टाकीची काच पुसत होती. आईचे डोळे भरले होते, पण मला सांगताना आवाज अगदी खणखणीत निघाला, परसापर्यंत ऐकू जाईल असा, डोंगरातला.

"दे गो त्यांना, हवं तेवढं दे. उद्याच्या गाडीला अजून येतंय."